चार मोटांचा वाफा

सोमवारी सकाळी अकरा वाजता रिसोडच्या पोस्टातली थैली वाशीमच्या मोटरीत चढे. तिथून रात्रीच्या गाडीने ती अकोल्याला जाई आणि मंगळवारी सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीत पोचे. बापूरावाच्या कादंबरीचं प्रकरण याच थैलीतून जात असे. सात सोमवार ते गेलं होतं. आठव्या सोमवारला आता चार दिवस उरले होते आणि पाठवण्याजोगी एकही ओळ लिहून झाली नव्हती.

संपादकांनी अटी पहिल्याच पत्रात कळवल्या होत्या. प्रकरण चौदा पानांचं, शाईने, कागदाच्या एकाच बाजूस. मंगळवारी सकाळी ते हातात नसेल तर कादंबरी तिथेच बंद होईल, कारण दुसऱ्या एका लेखकाची तयार होऊन पडली आहे. बापूरावापाशी शिल्लक कधीच नव्हती. एक प्रकरण गेलं की दुसरं सुरू, असंच चाललं होतं. सातव्याच्या शेवटी त्याची नायिका पोहरादेवीच्या जत्रेतल्या गर्दीत चुकीच्या बैलगाडीत बसली होती. ती गाडी कुठे गेली, हे वाचणाऱ्यांना पुढच्या शुक्रवारी कळायचं होतं. बापूरावाला ते गुरुवारी दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

सन १९३७ चा डिसेंबर होता. मळ्यात कांद्याची रोपं लावून तीन आठवडे झाले होते.

मळा गावाला लागूनच होता. विहीर सामाईक होती, बापूरावाचे वडील रंगराव आणि त्यांचे चुलत भाऊ उकंडराव यांच्यात. पाण्याची सकाळची पाळी रंगरावांची, दुपारची उकंडरावांची. सकाळी धाकटा भाऊ जगदेव मोट हाकी आणि बापूराव पाटाचं पाणी वाफ्यांत सोडी. फावड्याने वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की तोंड बुजवून पुढच्याचं फोडायचं. चार मोटांत एक वाफा भरे. तेवढ्या वेळात बापूराव बांधावर बसून पेन्सिलीने वहीत लिही. मोट ओतल्याचा आवाज आला की समासात एक रेघ. चार रेघा झाल्या की उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी. परत येऊन ते पुरं करायचं आणि पुढचं धरायचं. वाफ्यामागे तीन वाक्यं होत, कधी चार. सकाळी छत्तीस वाफे. दुपारी घरी बसून तेच तो शाईने उतरवी.

ही काही त्याने शोधून काढलेली पद्धत नव्हती. दुसरा वेळ नव्हता, एवढंच. उलट तो बायकोपाशी नेहमी कुरकुर करी. "एक खोली पाह्यजे होती मले," तो गिरजाबाईला म्हणे. "दार लावून बसाले. मंग पाह्य तू कसं लिवतो मी."

खोली मिळाली ती सातव्या प्रकरणानंतर. बाजाराच्या दिवशी एका दुकानाच्या ओट्यावर पेन्शनीतले मास्तर साप्ताहिक मोठ्याने वाचून दाखवत. रंगराव वांग्यांची टोपली घेऊन समोरून जात होते. दुकानदाराने हाक मारली, "रंगरावजी, हा बापूराव रंगराव तुमचाच का?" रंगरावांना अक्षर येत नव्हतं. ते ओट्याशी उभे राहिले आणि सगळं प्रकरण ऐकून घेतलं. टोपली डोक्यावरून खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

सोमवारी त्यांनी बियाण्याचे कांदे ठेवायची खोली रिकामी केली, सारवून घेतली, सुताराकडून एक टेबल आणलं आणि बापूरावाला सांगितलं, "उद्यापासून तू पान्यावर येऊ नको. इथं बस."

बापूरावाला आनंद झाला, हे नोंदवायला हवं. त्या संध्याकाळी तो टेबलाला तीनदा हात लावून आला.

पाण्यावर माणूस कमी पडणार होता. त्याची सोय रंगरावांनी परस्पर लावली होती. उकंडरावांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी सेवालाल रोज सकाळी रंगरावांचं पाणी वळवणार, आणि त्याच्या बदल्यात आठवड्यातल्या दोन सकाळी, रविवार आणि बुधवार, विहिरीचं पाणी उकंडरावांचं. त्या विहिरीचा एक रिवाज होता: दिलेली पाळी पीक निघेस्तोवर परत मागायची नाही. कांदा निघायला चैत्र लागणार होता. दोन सकाळी कमी झाल्या म्हणून रंगरावांनी मेथीचे बारा वाफे कोरडे सोडून दिले. बापूरावाला हे जगदेवाकडून कळलं, मंगळवारी, पहिल्याच दिवशी.

मंगळवारी त्याने एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. बुधवारी अकरा लिहिली आणि अकरा खोडली. बांधावर वाक्य लिहिलं की पाणी त्याला उठवी. त्याच्याकडे पुन्हा बघायला सवड नसे. इथे कोणी उठवत नव्हतं, म्हणून तो तेच वाक्य परत वाचे, आणि परत वाचलं की ते खोटं वाटे. खिडकीतून मोटेची करकर ऐकू येई. तो आपोआप मोजे. चार झाल्या की पाय हलत, आणि जायला कुठेच नसे.

दाराबाहेर रंगराव बसत. मेथीचे वाफे गेल्यामुळे त्यांना सकाळी थोडी उसंत होती. आलेल्या माणसाला ते हातानेच थांबवत आणि हळू आवाजात सांगत, "आत लिवनं चालू हाय." चार वर्षांची विजयमाला रडली की तिला उचलून गोठ्याकडे नेत. दळणाचा आवाज नको म्हणून गिरजाबाई जातं परसात नेऊन बसली. घर एवढं शांत कधीच नव्हतं. बापूरावाला त्या शांततेत आपल्या नाकाचा श्वास ऐकू येई.

शुक्रवारी त्याने टेबलावर पाण्याने भरलेला लोटा ठेवून पाहिला. बुडाला भोक पाडलेली वाटी त्यात सोडली. ती बुडाली की उठायचं, खोलीत एक फेरी मारायची, बसायचं. दोन वेळा उठला. तिसऱ्या वेळी वाटी बुडाली तरी तो बसूनच राहिला. न उठल्याने कुणाचंच काही वाहून जाणार नव्हतं.

शनिवारी दुपारी गिरजाबाई जेवायला बोलवायला आली ती आत येऊन दार लोटून उभी राहिली.

"किती झालं?"

"होऊन राह्यलं."

"मले वाचता येत नाई म्हनून सांगता का?" ती म्हणाली. "चार दिसापासून चूल तुमच्या कागदाईवरच पेटवून राह्यली मी. एवढं फाडलं तं ठेवलं काय?"

"काहीच नाई," तो म्हणाला. "इथं होत नाई मले. बांधावर होत होतं."

"मंग मामाजीले सांगा."

"काय सांगू? त्याईनं मेथी सोडली यासाठी. पाळी देल्ली. आता म्हनू का, खोली नाई पाह्यजे, पानी परत मागा?"

"परत मांगता येत नाई."

"तेच तं."

"उद्या इतवार," ती म्हणाली. "उद्या पानी काकाजीचं हाय. आपल्या वाफ्यावर नाई तं त्याईच्या वाफ्यावर बसा. पान्याले काय समजते कोनाचा वाफा तं."

"उकंडकाकाच्या वाफ्यावर मी मजुरावानी जाऊ? बाबाले काय वाटन?"

"सोमवारी मोटर गेल्यावर काय वाटन, ते पाह्यलं का?"

रविवारी उजाडताच तो परसाच्या बाजूने निघाला. रंगराव गोठ्यात होते. उकंडरावांच्या वाफ्यांवर सेवालाल फावडं घेऊन उभा होता. बापूराव त्याला म्हणाला, तू निंदणाला जा, पाणी मी वळवतो. सेवालालला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो गेला.

पहिल्या वाफ्याला काही आलं नाही. दुसऱ्याला गाडीवान बोलला. तिसऱ्या वाफ्याशी ती गाडी शेलूबाजारच्या वाटेला लागली आणि नायिकेला कळलं की समोर पाठमोरा बसलेला माणूस तिचा दीर नाही. बापूरावाने चौथी रेघ ओढली, उठला, तोंड बुजवलं, पुढचं फोडलं, येऊन बसला. नऊ वाफे झाले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

दहाव्या वाफ्यावर सावली पडली. उकंडराव उभे होते. साठीचा, काटक माणूस, हातात मोटेचा तुटका नाडा.

"का बापू, घरचा टेबल मोडला का?"

"नाई काका. म्हटलं पानी वळवून देतो."

"हं," उकंडराव म्हणाले. त्यांची नजर वहीवर होती. तेवढ्यात विहिरीवर मोट ओतली आणि बापूरावाच्या हाताने सवयीने समासात रेघ ओढली.

उकंडरावांनाही अक्षर येत नव्हतं. पण रेघा सगळ्यांना येतात. त्यांनी वही हातातून काढून घेतली आणि पानं उलटली. प्रत्येक पानाच्या कडेला चार-चार रेघांचे जुडगे होते, वरपासून खालपर्यंत.

"मोटा मोजून राह्यला," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बापानं बसवलं तुले. उकंड्या किती पानी घेते ते लिवून आन, असं सांगतलं."

"काका, तसं नाई. वाफा भरला कधी हे समजावं म्हनून रेघ वढतो मी."

"माह्या वाफ्याची काळजी तुले कधीपासून?" त्यांनी विहिरीकडे तोंड करून हाक दिली, "ए, बैल सोड रे. पानी बंद." आणि वही काखेत मारून ते रंगरावांच्या घराकडे चालू लागले. बापूराव मागून गेला. जाण्याआधी त्याने दहाव्या वाफ्याचं तोंड बुजवलं.

रंगराव खोलीच्या बंद दाराशी बसले होते. आत मुलगा आहे असंच ते समजत होते. त्यांनी येणाऱ्या उकंडरावांना हाताने थांबवलं. "हळू बोल. आत लिवनं चालू हाय."

"आत?" उकंडराव म्हणाले आणि बाजूला झाले. मागे बापूराव उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दादा," उकंडराव म्हणाले, "पानी द्याचं नोयतं तं द्याचं नोयतं. मी मांगाले आलो नोयतो. देऊन पोऱ्याले मोटा मोजाले बसवतं, हे काही माह्या समजात आलं नाई. घे तुही पाळी परत."

"मी बसवलं?" रंगराव उठून उभे राहिले. "बापू, तू याच्या वाफ्यावर गेलता?"

"गेलतो."

"कोनाले इचारून?"

"कोनाले नाई."

"या रेघा कायच्या?"

बापूरावाने सांगितलं. चार मोटा, तीन वाक्यं, छत्तीस वाफे. आधीची सातही प्रकरणं अशीच झाली, तेही सांगितलं. तो नेमकं आणि क्रमाने सांगत होता, आणि जसजसं सांगत गेला तसतसं ते बनावट वाटू लागलं. कोणी माणूस कथा लिहायला चिखलात बसतो, आणि घरी सारवलेली खोली आहे, यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसला नसता.

"मंग खोलीत पाच दिस काय केलं?" रंगरावांनी विचारलं.



स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. गिरजाबाई चुलत सासऱ्यासमोर बोलत नसे. तिने विजयमालेला पुढे केलं. "विजे, आजोबाले सांग, थांबा म्हना. एक दाखवाचं हाय."

"थांबा," विजयमाला म्हणाली.

टोपली दारातून बाहेर सरकली. चुलीतून उरलेले कागद त्यात होते, चुरगळलेले, काही कडेने जळलेले. "विजे, सांग, पाच दिस हेच झालं. आधी लिवते, मंग फाडते. बांधावर होते, घरात होत नाई. घरच्या आजोबाले दुखन म्हनून सांगतलं नाई. उद्याच्या मोटरनं गेलं नाई तं कायमचं बंद. मंग आपलं नाव कोनी वाचत नाई."

विजयमालेने एवढं सगळं ऐकलं आणि जमेल ते सांगितलं. "दुखन म्हनून," ती म्हणाली. "बंद."

उकंडरावांनी टोपलीतला एक कागद उचलून उलटसुलट पाहिला. त्यावर समासात रेघा नव्हत्या. त्यांनी वही उघडून कागद शेजारी धरला. मग दोन्ही खाली ठेवलं.

"यावर रेघा नाई," ते म्हणाले.

"घरात मोट नाई काका."

उकंडराव जोत्यावर बसले. नाड्याचं टोक ते बोटाला गुंडाळत राहिले. "बरं," ते शेवटी म्हणाले. "मोजाले नोयता आला. मानलं."

रंगराव अजून उभेच होते. ते मुलाकडे बघत नव्हते. खोलीचं दार त्यांनी उघडलं, टेबल पाहिलं, वाटी सोडलेला लोटा पाहिला, आणि दार परत ओढून घेतलं. बापूरावाला वाटलं, आता ते ओरडले तर बरं होईल. ते ओरडले नाहीत.

"उकंड्या," ते म्हणाले, "सेवालाल तुले परत. बापू माहं पानी वळवन."

"अन् पाळी?"

"पाळी तुहीच. देल्ली ते देल्ली."

"मानूस परत घेऊन पानी फुकटात खाऊ मी?" उकंडराव म्हणाले. "गावात तोंड हाय मले. बदल्यात काय घेतं, ते सांग."

"इतवारी अन् बुधवारी आपली मोट चालत नाई. दोन दिस त्याचं लिवनं अडते. ते दोन दिस त्याले तुह्या वाफ्यावर बसू दे. वहीसकट."

उकंडरावांनी हे मनात फिरवून पाहिलं. "म्हंजे पानी तू देतं, पान्यावर मानूस तूच देतं, अन् उपकार मी केले असं म्हनू?"

"हो."

"लोक काय म्हनतीन ते समजते ना तुले? रंगरावचा शिकेल पोरगा उकंड्याच्या वाफ्यावर फावडं मारते."

"समजते."

"अन् वाफा फुटला तं?"

"फुटला तं त्याले बोल. मले सांगाले येऊ नको."

उकंडराव उठले. जाताना त्यांनी वही बापूरावाच्या हातात दिली. "चाल मंग," ते म्हणाले. "बैल सोडून ठेवले तिकडं. अन् रेघा माह्याकडं पाठ करून वढत जाय. मले पाहाले बरं नाई वाटत."

रविवारी दुपारपर्यंत आणखी बावीस वाफे झाले. सोमवारी सकाळी पाणी रंगरावांचं होतं. बापूराव दिवस उगवण्याआधी बांधावर होता. जगदेवाने बैल जुंपले आणि कुणी न सांगता मोट थोडी संथ चालवली. बापूरावाच्या ते तिसऱ्या वाफ्याला लक्षात आलं. त्याने हात वर करून नेहमीसारखी चालव म्हणून खूण केली, कारण संथ मोटेत वाक्य परत वाचायला वेळ उरत होता. पंचविसाव्या वाफ्याला नायिका गाडीतून उतरली. दहा वाजायला आले होते. पानं मोजली तर आठ भरली. चौदा हवी होती. शाईने उतरवायला वेळ नव्हता. त्याने वहीतली पानं फाडली. कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला होता, पेन्सिलीने, कडेला रेघांसकट. तीन अटींपैकी एकही पाळली गेली नव्हती. फावडं जगदेवाच्या हाती देऊन तो पळत सुटला. पोस्टात थैलीचं तोंड बांधायला घेतलं होतं. पोस्टमास्तरांनी लिफाफ्यावरच्या चिखलाच्या बोटांकडे पाहिलं आणि तो आत टाकला.

मंगळवार कोरा गेला. म्हणजे त्याने छत्तीस वाफे भरले आणि नवव्या प्रकरणाची पावणेपाच पानं लिहिली, पण ते प्रकरण लागणार आहे की नाही हे ठाऊक नसताना लिहिली. आठव्याचं ओझं उतरलं नव्हतं आणि नववं वर चढलं होतं.

बुधवारी तो उकंडरावांच्या वाफ्यांवर होता. रस्त्याने बाजाराला जाणाऱ्या दोघा-तिघांनी थांबून पाहिलं. एकाने विचारलं, "का बापूराव, सालदारी धरली का?" त्याने मान हलवली आणि रेघ ओढली. साडेअकराच्या सुमाराला पाटाच्या कडेने रंगराव येताना दिसले. त्या बांधावर ते कधी येत नसत. हातात पोस्टकार्ड होतं, दोन बोटांत धरलेलं, ओलं होऊ नये म्हणून अंगापासून दूर.

बापूरावाने हात धोतराला पुसले आणि कार्ड घेतलं. चार ओळी होत्या. त्याने दोनदा वाचल्या.

"मोठ्यानं वाच," रंगराव म्हणाले.

"प्रकरण अपुरे आहे. पेन्सिल व दोन्ही बाजूंचे लिखाण पुन्हा चालणार नाही. समासातील रेघांचा अर्थ खिळे जुळविणाऱ्यास कळला नाही. नववे मंगळवारी यावे."

रंगरावांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणखी काही असेल म्हणून. "म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे आठवं छापतीन. नववं मांगतलं."

"बंद नाई?"

"या हप्त्यात नाई."

रंगरावांनी मान डोलावली. पलीकडे उकंडराव वांगी तोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबला होता. रंगरावांनी कार्ड परत घेतलं, घडी न घालता बंडीच्या खिशात ठेवलं, आणि मुलाच्या पाठीमागे बोट दाखवलं.

"तिकडं पाह्य," ते म्हणाले. "वाफा भरून वाहून राह्यला."